निळ्या शर्टातला नागरिक

मुलांच्या विचारस्वातंत्र्यावर माझी अढळ श्रद्धा आहे. मुलांनी प्रश्न विचारावेत, डोळे उघडे ठेवून आजूबाजूला पाहावं, जे खटकेल ते न घाबरता लिहावं, असं मी गेली वीस वर्षं घरी, दारी आणि ऑफिसातल्या डब्याच्या टेबलावर सांगत आलोय. वेळ आली तर लेखी देईन, असंही म्हणायचो. गेल्या वर्षी एका सोमवारी संध्याकाळी माझ्या मुलीनं खरोखरच एक कागद माझ्यापुढे ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाली, "बाबा, इथे सही करा." मी कागद वाचला आणि तिला सांगितलं की अशा गोष्टी घाईनं करायच्या नसतात.

कागदावर लिहिलं होतं: 'सोबतच्या लेखात माझी अकरा छायाचित्रे छापण्यास व माझ्यासंबंधीच्या टीकेस माझी संमती आहे.'

तिच्या कॉलेजातल्या विभागातली मुलं दरवर्षी समीक्षेचा एक अंक काढतात. संस्कृती, माध्यमं, राजकारण, जे हाताला लागेल त्याची चिरफाड करतात. मागच्या अंकात लिफ्टमध्ये आरसा का लावतात यावर नऊ पानी लेख होता. तो वाचल्यापासून मी लिफ्टच्या आरशात बघणं तत्त्वतः सोडलं आणि पुढचे पंधरा दिवस ऑफिसात वाकडा भांग घेऊन वावरलो. त्यांच्या प्राध्यापिकाबाईंचा एक नियम आहे. ज्याच्यावर टीका करायची त्याचा फोटो छापायचा असेल, तर आधी त्याच्याकडे जाऊन त्याची सही आणायची. बाईंच्या मते टीका ही पाठीमागे करायची गोष्ट नव्हे. मंत्र्याची सही कोणी आणू शकत नाही, म्हणून मंत्री त्या अंकातून आपोआप सुटतात. बाप सुटत नाही.

लेखाचं नाव होतं 'लोक काय म्हणतात?'. आमच्या इथल्या एका वृत्तवाहिनीवर रोज रात्री आठच्या बातम्यांत रस्त्यावरच्या माणसाला थांबवून त्याचं मत विचारतात. त्याला ते लोक बाईट म्हणतात. मुलीनं वर्षभराचे असे दोनशे बारा बाईट पाहिले. पाहता पाहता तिच्या वर्गातल्या मुलांच्या लक्षात आलं की दोनशे बारा बाईट म्हणजे दोनशे बारा माणसं नव्हेत. एक गृहस्थ परत परत येतायत. मुलांनी त्याचं नाव 'निळा शर्ट' ठेवलं, त्याच्या तारखा लावल्या, तक्ता केला आणि मग, सगळं झाल्यावर, माझ्या मुलीनं त्यांना सांगितलं की ते माझे बाबा आहेत.

आता माझी बाजू. मी वजनमापं तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. ऑफिस सुटलं की पाच चाळीसला समोरच्या थांब्यावर उभा राहतो. वाहिनीचं ऑफिस त्या थांब्याच्या मागच्याच इमारतीत आहे. माईकवाला खाली उतरतो आणि पहिला माणूस दिसतो तो मी. तो विचारतो, मी सांगतो. यात कट नाही, कारस्थान नाही, बसला उशीर आहे. पण तक्त्यात मांडल्यावर कोणतीही गोष्ट गुन्ह्यासारखी दिसते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिलंय, आणि इतरांच्या बाबतीत त्याचा आनंदही घेतलाय.

तक्त्यानुसार मी भाडेवाढीबद्दल 'त्रस्त प्रवासी' होतो, परीक्षापद्धतीबद्दल 'चिंतित पालक' होतो, सामना हरल्यावर 'कट्टर चाहता' होतो. एका सरकारी दवाखान्याच्या बातमीत 'रुग्णाचे नातेवाईक' होतो. वस्तुतः मी दवाखान्यात शिक्का मारलेला वजनकाटा तपासायला गेलो होतो. एका अपघाताचा मी 'प्रत्यक्षदर्शी' होतो आणि त्या ठिकाणी पोचलो तेव्हा रस्ता धुऊन झाला होता. नवीन पुलाचं मी मार्चमध्ये स्वागत केलं होतं आणि सप्टेंबरमध्ये त्याचा निषेध केला होता. लेखात दोन्ही मतं शेजारी शेजारी दिली होती. ती तंतोतंत सारखी होती: "हे आधीच व्हायला हवं होतं. प्रशासनानं यात लक्ष घालायला हवं." हे दुसरं वाक्य अकरांपैकी नऊ ठिकाणी आहे, अशी तळटीपही होती. आणि एकदा पडद्याखालच्या पट्टीवर 'ज्येष्ठ नागरिक' लिहिलं होतं. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. बाकी सगळं मी पोटात घातलं असतं.

आणखी एक तळटीप होती: 'लेखिकेचे प्रस्तुत नागरिकाशी कौटुंबिक संबंध आहेत. त्याचा निष्कर्षांवर परिणाम होऊ दिलेला नाही.' तो झालेला नाही हे मीही प्रमाणित करू शकतो.

आमच्या हिनं अकराही फोटो चष्मा लावून पाहिले. मला वाटलं, नवऱ्याच्या अब्रूचा विचार करतेय. ती म्हणाली, "सात ठिकाणी तोच निळा शर्ट. लोक म्हणतील, बायको दुसरा देत नाही." मग तिनं कपाट उघडून मला माझेच सहा शर्ट दाखवले. पुराव्यादाखल.

मी मुलीला विचारलं, सही नाही केली तर. ती शांतपणे म्हणाली की गुरुवारी दुपारी बारा वाजता अंक छापायला जातो, सही नसेल तर लेख निघतो आणि त्या जागी रस्त्यावरच्या दिव्यांबद्दलचा एक लेख जातो. तिला ज्या पुढच्या अभ्यासक्रमाला जायचंय, तिथे अर्जासोबत एक छापील समीक्षालेख जोडावा लागतो. यंदाचा अंक हा तिच्यासाठी शेवटचा. म्हणजे माझी सही नाही, तर लेख नाही, आणि लेख नाही तर अर्ज नाही.

आणि सही केली तर? आमच्या सेवा वर्तणूक नियमांतला एकविसावा नियम सांगतो की कर्मचाऱ्यानं लेखी पूर्वपरवानगीशिवाय कोणत्याही माध्यमात मत व्यक्त करू नये. मी अकरा व्यक्त केली होती. अधीक्षकपदाच्या बढतीची माझी फाईल त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर होती. टीव्हीवरचे एकोणीस सेकंद लोक विसरतात. पण तारीखवार, पट्टीवार, सचित्र तक्ता आणि खाली माझी सही, हे म्हणजे आरोपपत्र मुलीनं टाइप करून बापानं कबूल केल्यासारखं होतं. मी तिला म्हटलं, जरा नीट वाचून सांगतो. ती म्हणाली, "वाचा. पण गुरुवार बारा."

मंगळवारी सकाळी मी वरच्या मजल्यावर गेलो. तिथे कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून राहतात. चाळीस वर्षं इतरांची अपिलं दाखल करून घेतल्यामुळे सगळी सोसायटी त्यांना अपीलकाका म्हणते. त्यांना समोरचा काय सांगतोय यापेक्षा मुदत कधी संपतेय यात जास्त रस असतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला चार मार्ग दिले. सही करायची, पण 'हक्क राखून' असं लिहून. सही करायची, पण नेहमीपेक्षा वेगळी. सही न करता अंगठा द्यायचा, म्हणजे पुढे निरक्षर असल्याचा बचाव शिल्लक राहतो. आणि चौथा, तो माणूस मी नव्हेच असं प्रतिज्ञापत्र करायचं. मी म्हटलं, काका, खाली मुलगी लिहितेय की हे माझे वडील आहेत. ते म्हणाले, "ते तिनं शाबीत करू दे ना."

शेवटी त्यांनीच तोडगा काढला: डोळ्यांवर काळी पट्टी. मला तो पसंत पडला. मी मुलीला गाठलं, ती कपाळाला आठ्या घालून तयार झाली आणि तिनं कॉम्प्युटरवर अकराही फोटोंत माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी ओढून त्याचा कागद काढून दिला. मी तो वर नेला. अपीलकाका घरात नव्हते. त्यांच्या सूनबाईंनी कागद हातात घेतला, एकेक फोटो पाहिला, मग मला पाहिलं आणि दार अर्धं लोटून घेत विचारलं, "किती दिवसांनी सोडलं?" मी पट्टीचा मार्ग रद्द केला.

मग मला सुचलं की रोगाच्या मुळाशी जावं. वाहिनीनं जुने बाईट काढून टाकले की लेखाला आधारच उरणार नाही. (यात मुलीचा लेख उरणार नाही हेही ओघानं आलं, पण त्या वेळी मी बढतीच्या बाजूनं विचार करत होतो, आणि एका वेळी एकाच बाजूनं विचार करणं ही माझी नोकरीतली सवय आहे.) पाच चाळीसला मी थांब्यावर न थांबता थेट त्या इमारतीकडे निघालो. माईकवाला जिन्यातच भेटला. मी माझी अडचण सांगायला सुरुवात केली. तो ऐकत ऐकत मला उजेडात घेऊन आला, माझी कॉलर नीट केली आणि म्हणाला की काका, अगदी देवासारखे भेटलात, सात मिनिटांत बाईट द्यायचाय आणि रस्त्यावर कोणी नाही.

मी नाही म्हणालो. हे मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. मी दोनदा नाही म्हणालो. पण जाता जाता, निव्वळ कुतूहल म्हणून, विषय काय आहे असं विचारलं.

विषय होता, विद्यार्थ्यांनी माध्यमांवर टीका करावी का. कोणत्या तरी कॉलेजची मुलं वर्षभराचे बाईट मागायला आली होती आणि वाहिनीच्या संपादकांना ते लागलं होतं.

आता यावर माझं खरोखर मत होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मला ज्याबद्दल विचारलं गेलं त्याची मला माहिती होती. शिवाय मुलीच्या बाजूनं चार शब्द बोललो तर घरातही हवा निवळेल असा हिशेब मनात आला. मी केसांवरून हात फिरवला आणि बोललो. मी म्हटलं की मुलांनी लिहिलंच पाहिजे, अगदी निर्भीडपणे लिहिलं पाहिजे, माझा त्यांना संपूर्ण पाठिंबा आहे, मात्र ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांनाही घरदार असतं, नोकरी असते, याचं भान ठेवायला हवं, आणि प्रशासनानं यात लक्ष घालायला हवं. माईकवाल्यानं घड्याळ पाहिलं आणि समाधानानं मान हलवली.

मी त्याला विचारलं की बाबा रे, शहरात एवढी माणसं असताना मलाच का. मनात कुठेतरी होतं की तो म्हणेल, तुमचा अभ्यास, तुमची भाषा. तो वायर गुंडाळत म्हणाला, "काका, बाकीचे लोक विचार करायला लागतात. तुम्ही लगेच बोलता, आणि बरोबर एकोणीस सेकंदांत संपवता. कापावं लागत नाही." जुने बाईट काढता येतात का, हे विचारायचं राहून गेलं.

त्या दिवशी मात्र त्यांनी कापलं. आठच्या बातम्यांत मी 'मात्र'पासून सुरू झालो. मुलांनी घरादाराचं, नोकरीचं भान ठेवायला हवं आणि प्रशासनानं यात लक्ष घालायला हवं, असं मी कपाळावर आठी आणून सांगत होतो. खाली पट्टी होती: 'नाराज पालक'.

हिनं टीव्हीचा आवाज कमी केला, मग बंदच केला. मी मुलीला समजावून सांगितलं की आधीचा भाग कापलाय, त्यात मी पाठिंबा दिला होता, तोही संपूर्ण. ती म्हणाली, "मला माहितेय कापतात ते. माझ्या लेखाचं तिसरं प्रकरण त्यावरच आहे." आणि आत जाऊन तिनं तक्त्यात एक ओळ वाढवली. संमतीपत्रावरचा अकराचा आकडा खोडून बारा केला आणि कागद फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवला. सहीची जागा रिकामीच होती. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

बुधवारी ऑफिसात शिरलो तर तिन्ही टेबलांवरच्या लोकांनी एकदम आपापल्या फायलींत डोकं घातलं. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसतात, ज्यांना आम्ही पोटनियम म्हणतो. त्यांना सर्व नियम पाठ आहेत आणि त्यांचा कोणालाही उपयोग झाल्याचं ऐकिवात नाही. बढतीच्या यादीत माझ्याखालचं नाव त्यांचं. त्यांनी अत्यंत आपुलकीनं माझी विचारपूस केली. ते म्हणाले, घाबरू नका, कार्योत्तर परवानगीची सोय आहे. पूर्वपरवानगीचाच नमुना घ्यायचा, त्यातलं 'पूर्व' खोडायचं, वर 'कार्योत्तर' लिहायचं आणि खोडलेल्या जागी आद्याक्षरं करायची.

नमुना चार पानी निघाला. प्रत्येक मतासाठी वेगळा अर्ज. बारा अर्ज, तीन प्रतींत. एक रकाना होता, 'मत व्यक्त करण्याचे प्रयोजन'. मी लिहिलं, 'बसला उशीर'. दुसरा रकाना होता, 'सदर मत अर्जदाराचे स्वतःचे आहे काय? असल्यास आधार जोडावा'. तिथे मी बराच वेळ पेन धरून बसलो. पुलाच्या दोन अर्जांना एकच आधार चालेल का, असं पोटनियमांना विचारलं. त्यांच्या मते दोन स्वतंत्र आधार हवेत.

शेवटच्या पानावर लिहिलं होतं की व्यक्त केलेल्या मतांचा तारीखवार तपशील पुराव्यासह जोडावा. माझ्याकडे कसला तपशील असणार? माणूस बोलतो तेव्हा नोंद ठेवून बोलत नाही. तारीखवार, पुराव्यासह, सचित्र तपशील जगात एकाच ठिकाणी होता. मी माझ्या पिशवीतून मुलीचा लेख काढला, तक्त्यात बारावी ओळ हातानं वाढवली, त्याला 'परिशिष्ट अ' असं नाव दिलं आणि बाराही अर्जांना जोडला.

साडेतीनला साहेबांनी बोलावलं. साहेब मितभाषी आहेत. त्यांचं दार आपोआप बंद होतं आणि बंद होताना जो आवाज करतं तो ऐकून दोन माणसांनी आजवर स्वेच्छानिवृत्ती घेतल्याची आठवण आहे. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, उभे राहा असंही म्हटलं नाही, म्हणून मी खुर्चीच्या पाठीला धरून दोन्हींच्या मधली अवस्था पत्करली. त्यांनी परिशिष्ट अ उघडलं आणि वाचायला लागले. अर्ज बाजूला, थेट लेख. पहिलं पान. दुसरं पान. तिसऱ्या पानावर त्यांनी पेन्सिल घेतली. सातव्या पानावर ते थांबले, मागे गेले आणि पुन्हा पुढे आले. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात माझ्या बढतीची फाईल होती. ती कोणत्या रंगाची असते ते मला ठाऊक आहे.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, "कोणी लिहिलंय?"

"माझी मुलगी आहे, सर. शेवटच्या वर्षाला."

"तक्ता चांगला केलाय. आपल्याकडे असा कोणी करत नाही."

यात कौतुक आहे की माझ्यावर ताशेरा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सांगितलं की प्रकरण मुख्य कार्यालयाकडे पाठवावं लागेल. या बारा बाबींत नियमभंग झालाय का, ते तिथे ठरेल. तोवर बढतीची फाईल थांबेल. मी जायला वळलो तेव्हा ते पुढे म्हणाले, "हा लेख छापला जातोय का? तुमची संमती लागते असं इथे शेवटी लिहिलंय."

मी म्हटलं, उद्या बारापर्यंत.

"सही केलीत तर कबुली होईल. न केलीत तर मुलांचा तक्ता, एवढंच राहील. बघा." आणि त्यांनी पुढची फाईल ओढली. साहेबांनी माझ्या भल्याचं काही सांगितल्याची एकोणीस वर्षांतली ही पहिलीच वेळ होती.

घरी आलो. हिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती बढतीच्या बाजूनं बोलेल. वाढीव हुद्द्याची पाटी दारावर कुठे लावायची हेसुद्धा तिनं ठरवून ठेवलं होतं. ती म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा. मला कोणीतरी काहीतरी ठरवून द्यायला हवं होतं. वर गेलो तर अपीलकाकांनी अजून काहीच झालेलं नसल्यामुळे अपील करता येत नाही, असं सांगून परत पाठवलं. पोटनियमांनी फोन करून धीर दिला. फोन ठेवल्यावर माझा उरलेला धीरही गेला.

गुरुवारी सकाळी साडेदहाला मुलगी बाहेर पडली. जाताना फ्रिजवरचा कागद काढून घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही. मी रजा टाकली होती. कारण लिहिलं होतं 'घरगुती'. ती गेल्यावर जेवणाच्या टेबलावर लेखाची प्रत दिसली. माझी प्रत अर्जांसोबत साहेबांकडे गेली होती, ही तिची. सोमवारपासून चार दिवस मी त्या लेखातले फोटो, पट्ट्या, तळटीपा वाचत होतो. लेख वाचलाच नव्हता. माझ्यावरचं लिखाण म्हणून मी फक्त मला शोधत होतो. आता शेवटचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं:

'हा माणूस खोटे बोलत नाही. वाहिनीला लोक नको आहेत, लोकांसारखा दिसणारा माणूस हवा आहे. तो तिला पाच चाळीसला मिळतो. पण माणसाला काय मिळते? प्रत्येक चौकटीत बोलण्याआधी तो केसांवरून हात फिरवतो. त्याला कोणीतरी काहीतरी विचारले आहे, याचा आनंद त्या हातात दिसतो. आम्ही वर्षभर त्याला हसलो. त्या वर्षात घरी मी त्याला एकदाही विचारले नाही की तुम्हाला काय वाटते. हेही या अभ्यासाचे निरीक्षण म्हणून नोंदवत आहे.'

मी ते दोनदा वाचलं. मग शर्ट चढवला. कोणता, ते घाईत पाहिलं नाही. हिनं दारातून हाक मारून कॉलरबद्दल काहीतरी सांगितलं. रिक्षा मिळाली नाही, बस भरलेली, सिग्नल लाल. अकरा पन्नासला मी कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा मला बोलताही येत नव्हतं. संपादकीय खोली म्हणजे एक लांब टेबल, दोन कॉम्प्युटर आणि भिंतीवर माझे बारा फोटो. खाली नऊ मुलं. मला पाहून ती सगळी उठून उभी राहिली. अशा रीतीनं माझ्यासाठी कोणी उभं राहिल्याचं मला आठवत नाही, आणि त्यातला एक जण पुटपुटला, "निळा शर्ट." खाली पाहिलं तर खरंच तोच होता.

कॉम्प्युटरवर रस्त्यावरच्या दिव्यांचा लेख उघडलेला होता. मुलगी तिकडे तोंड करून उभी होती. मी म्हटलं, कागद दे.

ती म्हणाली, "बाबा, तुमची बढती थांबेल. आईनं सांगितलं मला."

"थांबलीच आहे. कागद दे."

"नंतर ओरडायचं नाही."

"ओरडेन. सही आत्ता करतो."

संमतीपत्रावर सही केली, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. बाईंच्या नियमानुसार प्रत्येक फोटोखाली वेगळी. मी बारा सह्या केल्या. त्रस्त प्रवासी म्हणून केली, चिंतित पालक म्हणून केली, पुलाच्या दोन्ही बाजूंनी केली. 'ज्येष्ठ नागरिक'पाशी हात थांबला. मुलीनं शेजारी कंसात माझं खरं वय लिहिलं, तेव्हा तीही केली. 'नाराज पालक' शेवटची. बारा वाजायला दोन मिनिटं होती. एका मुलानं सहज विचारलं, काका, लेखाबद्दल तुमचं काय मत आहे. मी बोलायला तोंड उघडलं आणि पाहिलं तर त्यातल्या दोन मुलींनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला सुरुवात केली होती. मी म्हटलं की मला जरा विचार करू दे. मी खरंच विचार केला. पण तोवर बारा वाजले, अंक छापखान्याला गेला आणि मुलं चहाला.

लेख छापून आला. मुलीला प्रवेश मिळाला. बढती पोटनियमांना मिळाली. त्यांनी पेढ्यांऐवजी सर्वांना एकविसाव्या नियमाच्या प्रती वाटल्या. मी रोज पाच चाळीसला त्याच थांब्यावर उभा राहायचो आणि माईकवाला आला की त्याला लांबूनच सांगायचो की प्रकरण चौकशीत आहे. तो माझ्यामागच्या माणसाला विचारायचा. तो माणूस विचार करायला लागायचा.

पाच महिन्यांनी मुख्य कार्यालयाचा आदेश आला. साहेबांनी तो मला स्वतः दिला, आणि या वेळी बसा म्हणाले. आदेशात लिहिलं होतं: 'परिशिष्ट अ मधील सर्व बारा विधानांचे बारकाईने अवलोकन केले असता, त्यांपैकी एकाही विधानात कोणतेही मत आढळून येत नाही. सबब नियम एकवीसचा भंग झालेला नाही व परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. प्रकरण दप्तरी दाखल करण्यात येत आहे.'

साहेब म्हणाले, सुटलात. मी आभार मानले, बाहेर आलो, आदेश पुन्हा वाचला आणि मला आयुष्यात प्रथमच कडाडून राग आला. बाकी अकरांचं एक वेळ समजू शकतो. पण बारावं माझं मत होतं. अर्धं कापलेलं असेल, पण होतं. मी घरी न जाता थेट वरच्या मजल्यावर गेलो. अपीलकाकांनी चष्मा लावला, आदेश वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर किती तरी वर्षांनी तेज आलं. ते म्हणाले की मुद्दा भक्कम आहे, मत असल्याचं आपण शाबीत करू. कागद काढा. आम्ही दोन तास बसलो. मुलगी वर आली, तिनं मसुदा वाचला आणि मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, बाबा, तिसरा परिच्छेद आधी घ्यावा का?" मी विचार करून हो म्हणालो. तिनं घेतला. मसुदा पाच पानांचा झाला आणि मी सही करायला पेन उघडलं.

तेव्हा अपीलकाकांनी सवयीप्रमाणे आदेशावरची तारीख पाहिली. अपिलाची मुदत तीस दिवसांची होती. आदेश आमच्या आवक विभागात बत्तीस दिवस पडून होता.